कोळशाचा धूर आणि तेलाची विहीर

कोळशाच्या धुरांतील कर्बाम्लवायु, ज्याला आज सर्रास कार्बन डायऑक्साइड म्हणतात, वेगळा काढून भूगर्भांत कोंडण्याची विद्या पृथ्वीच्या वाढत्या तापाच्या चिंतेंतून जन्मली, असा समज रूढ आहे. इतिहासाची साक्ष निराळी आहे. या विद्येचें बीज १९३० सालीं अमेरिकेंत रॉबर्ट बॉटम्स यानें मिळविलेल्या पेटंटांत सांपडतें. अमाइन वर्गांतील द्रव्याचें द्रावण थंड असतां हा वायु शोषून घेतें व तापविलें कीं सोडून देतें, एवढेंच त्यांतील रहस्य. तिचा उपयोग दीर्घकाळ झाला तो विक्रीचा नैसर्गिक वायु शुद्ध करण्याकडे. वीजगृहाच्या चिमणीकडे कोणाचें फारसें लक्ष नव्हतें.

वायु जमिनींत सोडण्याची कलाहि तेलासाठींच वाढली. १९७२ सालीं टेक्सासमधील एका थकलेल्या तेलक्षेत्रांत तो दाबानें सोडून खडकांत अडकलेलें तेल काढण्यास मोठ्या प्रमाणावर प्रारंभ झाला. चिमण्यांतील वायु पकडून खोल समुद्रांत सोडावा, ही चेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञाची सूचना आली ती त्यानंतर, १९७७ मध्यें.

नॉर्वेनें १९९६ पासून उत्तर समुद्राच्या तळाखालीं हा वायु तेलाच्या लोभावांचून पुरला खरा. पण तेथें १९९१ पासून सरकारी कर होता, आणि तो वायु कोळशाचा नव्हताच.

कोळशाची खरी कसोटी लागली ती कॅनडांत. सस्कॅचेवान प्रांतांतील एस्टेव्हन गांवाजवळच्या बाउंडरी डॅम वीजगृहांत ऑक्टोबर २०१४ मध्यें एका संचावर ही योजना सुरू झाली. वर्षास १० लक्ष टनांचा संकल्प होता. यंत्रांच्या बिघाडांमुळें तो अपुराच राहत आला. शिवाय द्रावण तापविण्यास लागणारी वाफ त्याच बॉयलरांतली, म्हणून विकावयाच्या विजेंतूनच धुराचा वांटा काढावा लागे. पकडलेला बहुतेक वायु गेला कोठें? वेबर्नच्या तेलक्षेत्रांत! तेथून निघालेलें तेल जळून पुन्हां तोच वायु आकाशांत जातो, हें हिशेबांत धरलेंच पाहिजे.

या विद्येस थोतांड म्हणणारांशीं मी सहमत नाहीं. तिचें रसायन खोटें नाहीं. प्रश्न आहे तो पैसा कोण देणार हा. ह्यूस्टनजवळील पेट्रा नोव्हा येथें २०१७ च्या आरंभीं असाच कारखाना चालू झाला. त्याचा वायु सुमारें १३० किलोमीटर नळांतून वेस्ट रँच तेलक्षेत्रास जाई. २०२० सालीं तेलाचा भाव कोसळला आणि मे महिन्यांत तो कारखाना बंद पडला. वीजगृह मात्र चालूच राहिलें आणि धूर पूर्ववत् आकाशांत जाऊं लागला. भाव सावरल्यावर सप्टेंबर २०२३ मध्यें तीं यंत्रें पुन्हां सुरू झालीं.