वॉशिंग्टन चौकातील कमान

विजयाची कमान ही मूळची रोमनांची कल्पना. शत्रूची राजधानी लुटावी, ती लूट मिरवीत स्वनगरी परतावे आणि त्या पराक्रमाची साक्ष म्हणून दगडी कमान मागे ठेवावी, ही त्यांची रीत. रोममधील टायटसच्या कमानीवर जेरुसलेमच्या मंदिरातून लुटून आणलेला सात शाखांचा दीप कोरलेला आहे; जेत्याचा आनंद आणि जिताचे दुःख एकाच शिळेवर पाहावयास मिळतात. पुढे नेपोलियनने हीच हौस पॅरिसात पुरविली. १८०६ साली त्याने आज्ञा दिली. कमान पुरी झाली १८३६ साली, आणि तोवर तो स्वतः सेंट हेलेना बेटावर मरून पंधरा वर्षे लोटली होती.

न्यूयॉर्क शहरातील वॉशिंग्टन चौकाच्या उद्यानात उभी असलेली संगमरवरी कमान याच कुळातली. परंतु तिचे निमित्त मात्र वेगळे. ती कोणत्याही लढाईची स्मृती नाही. ती एका शपथविधीची स्मृती आहे. ३० एप्रिल १७८९ रोजी जॉर्ज वॉशिंग्टन यांनी न्यूयॉर्कमध्येच अमेरिकेचे पहिले अध्यक्ष म्हणून शपथ घेतली. त्या वेळी देशाची राजधानी तेथे होती. या घटनेला शंभर वर्षे झाली तेव्हा, म्हणजे १८८९ साली, शहराने मोठा उत्सव मांडला.

चौकाच्या उत्तरेस राहणारे विल्यम ऱ्हाइनलँडर स्टुअर्ट हे एक सधन गृहस्थ. मिरवणूक आपल्या दारावरून जावयाची, तेव्हा तिच्या स्वागताला काहीतरी शोभा हवी, असे त्यांच्या मनाने घेतले. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून त्यांनी २,७६५ डॉलर वर्गणी जमविली आणि स्टॅनफर्ड व्हाइट या नामांकित वास्तुशिल्पीकडून उद्यानाच्या किंचित उत्तरेला, भर फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर, लाकडाची आणि गिलाव्याची एक कमान उभी करविली. तिच्यावर माळा होत्या, विजेचे दिवे होते आणि माथ्यावर वॉशिंग्टन यांचा लाकडी पुतळा होता. थोडक्यात, ते उत्सवाचे मखर होते. उत्सव सरला की मखर मोडावयाचे, हा रिवाज. पण हे मखर लोकांच्या डोळ्यांत असे भरले की, अशीच कमान पक्क्या दगडात हवी, ही मागणी सर्वत्र होऊ लागली.

मग समिती स्थापन झाली आणि पुन्हा वर्गण्या सुरू झाल्या. खर्च सव्वा लाख डॉलरांवर जाणारा होता. पुढे काही काळ पोलंडचा पंतप्रधान झालेला विख्यात पियानोवादक पादरेव्हस्की यानेही एक जलसा करून त्याचे उत्पन्न या निधीला दिले. ३० मे १८९० रोजी कोनशिला बसविण्यात आली, १८९२ साली मुख्य बांधकाम उरकले आणि ४ मे १८९५ रोजी कमानीचे रीतसर समर्पण झाले.

पायाचे खोदकाम चालू असताना मात्र एक गोष्ट घडली. सुमारे दहा फुटांखाली कुदळींना माणसांची हाडे लागली, शवपेट्या लागल्या आणि १८०३ सालची एक थडग्याची शिळाही सापडली. शहराला यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. ही भूमी १७९७ साली महापालिकेने विकत घेतली होती ती बेवारशी आणि निर्धन मृतांना पुरण्यासाठी. पीतज्वराच्या साथी त्या काळी शहराला वरचेवर ग्रासत. त्यांचे बळी येथे आणले जात. १८२५ साली हे दफन बंद झाले तोवर वीस हजारांच्या आसपास माणसे या मातीत गेली होती, असा अंदाज आहे. दुसऱ्याच वर्षी जमीन सारखी करून तेथे लष्करी कवायतीचे मैदान झाले आणि त्याला वॉशिंग्टन यांचे नाव मिळाले. कवायतीमागोमाग श्रीमंतांची लाल विटांची घरे आली आणि मैदानाचे उद्यान झाले. खाली कोण निजले आहेत हे वर राहणारे हळूहळू विसरले.

कमानीची रचना साधी आहे. पॅरिसच्या कमानीप्रमाणे तिला आडव्या वाटा नाहीत. दोन भक्कम स्तंभ आणि त्यांच्यामध्ये एकच प्रवेशमार्ग. एकूण उंची ७७ फूट, स्तंभांमधील अंतर ३० फूट, मधल्या वाटेची उंची ४७ फूट. दगड शहराच्या उत्तरेकडील टकाहो येथील खाणींतला पांढरा संगमरवर. वाटेच्या दोन्ही खांद्यांवर फ्रेडरिक मॅकमॉनीज याने कोरलेल्या पंखधारी विजयदेवता आहेत. वरच्या पट्टीवर १३ मोठे आणि ४२ लहान तारे आहेत. तेरा तारे आरंभीच्या राज्यांचे. १८८९ च्या अखेरीस संघराज्यात ४२ राज्ये होती. पण जुलै १८९० मध्ये ती ४४ झाली! दगडात गणती कोरणाऱ्यांनी इतिहासापासून घ्यावा असा हा एक लहानसा धडा.

समर्पण झाले तरी उत्तरेकडील दोन चौथरे वीस वर्षे रिकामेच होते. हर्मन मॅकनील याने घडविलेले सेनापती वॉशिंग्टन १९१६ साली तेथे आले, तर अलेक्झांडर स्टर्लिंग काल्डर याने घडविलेले अध्यक्ष वॉशिंग्टन १९१८ साली. एकाच पुरुषाच्या या दोन मूर्ती आहेत. एक तलवारीचा धनी, दुसरा ती खाली ठेवून राज्य चालविणारा. रोमन सम्राटांच्या कमानींना ही दुसरी बाजू सुचली नसती. मात्र हा पुरुष शेकडो गुलाम बाळगणाऱ्या मळ्याचा मालक होता, हे कमान सांगत नाही. स्टॅनफर्ड व्हाइट यांना हे पुतळे पाहावयास मिळाले नाहीत. १९०६ साली, स्वतःच बांधलेल्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या गच्चीवर, गोळी घालून त्यांचा खून झाला.

पश्चिमेकडील स्तंभाच्या पोटात माथ्यापर्यंत जाणारा एक गोल जिना आहे. २३ जानेवारी १९१७ च्या कडाक्याच्या थंडीत गर्ट्रूड ड्रिक ही तरुणी, चित्रकार जॉन स्लोन, मार्सेल द्युशाँ आणि तिघे नट असे सहा जण त्या जिन्याने वर चढले. कागदी कंदील लावून, फुगे बांधून त्यांनी ‘वॉशिंग्टन चौकाचे स्वतंत्र प्रजासत्ताक’ घोषित केले. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताकाचा मागमूस उरला नाही. स्लोनचे एक कोरीव चित्र तेवढे उरले.

थट्टेत मागितलेले हे स्वामित्व पुढे गंभीर रूपाने मागावे लागले. शहराचे सर्वाधिकारी म्हणावेत असे अधिकारी रॉबर्ट मोझेस यांनी १९५० नंतर उद्यानातून मोटारींचा मोठा रस्ता काढण्याचा घाट घातला. त्याला पहिला विरोध केला तो शर्ली हेझ या चार मुलांच्या आईने. नकाशे, समित्या, अधिकार सारे पलीकडच्या बाजूस होते. या बाजूस मुलांच्या बाबागाड्या ढकलणाऱ्या स्त्रिया. जेन जेकब्ज आणि एलिनॉर रूझवेल्ट त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. १९५८ साली उद्यान मोटारींना बंद झाले. कमानीपाशी वळसा घेणाऱ्या बसगाड्याही १९६३ साली थांबल्या. विजयकमानीखालून मिळविलेला हा विजय निःशस्त्र लोकांचा होता, म्हणून मला तो त्या दोन पुतळ्यांहून मोलाचा वाटतो.

२००९ साली उद्यानाच्या दुरुस्तीत आणखी एक शिळा मातीतून वर आली. आयर्लंडमधील किल्डेअर परगण्यातून आलेल्या अठ्ठावीस वर्षांच्या एका माणसाची ती होती. मृत्यूचा दिवस २२ सप्टेंबर १७९९. त्याच वर्षी डिसेंबरात वॉशिंग्टन गेले. एकाला सत्त्याहत्तर फुटांचा संगमरवर मिळाला, दुसऱ्यावर त्याच चौकाची माती पसरली. कमानीखालून जाणाऱ्याने वर पाहावेच. पण क्षणभर पायांखालीही पाहावे.