गर्भिणीचे श्रम आणि विसावा

गर्भारपणी बाईने हातपाय हलवीत राहावे, म्हणजे बाळंतपण सुखाचे होते, असे आपल्याकडे घरोघर सांगतात. मग चांदा-गडचिरोलीच्या रानातल्या बायकांचा दाखला येतो : पाहा, त्या शेवटच्या दिवसापर्यंत खपतात! हा दाखला कितपत खरा, याचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे.

सुश्रुताने गर्भिणीला व्यायाम, वाहनाचा प्रवास आणि रात्रीचे जागरण वर्ज्य सांगितले. उलट जागतिक आरोग्य संघटना 2020 साली सांगते की, प्रकृती ठीक असेल तर गर्भवतीने आठवड्याला निदान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. पण हा सल्ला बैठे जीवन डोळ्यांपुढे ठेवून दिलेला आहे. जिचा दिवसच श्रमाचा, तिचा प्रश्न निराळा.

तिचे वर्ष पाहा. चैत्रात पहाटे उठून मोहफुले वेचायची. वैशाखात तेंदूपाने तोडायची, 70 पानांचा एकेक पुडा बांधायचा आणि फळीवर नेऊन द्यायचा. आषाढ-श्रावणात चिखलात वाकून धानाची रोवणी करायची. याखेरीज पाणी आणि सरपण आहेच. तेंदूची मजुरी पुड्यांवर मोजली जाते. म्हणजे जितका विसावा, तितकी मजुरी बुडाली. ती शेवटपर्यंत खपते ती हौसेने नव्हे!

विसावा हा हक्क आहे, ही कल्पना आपल्याकडे गिरणी-कारखान्यांतून आली. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतिलाभ विधेयकाचा पुरस्कार केला; आईला बाळंतपणाच्या मागेपुढे विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. 1929 साली मुंबईचा कायदा झाला. चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात होता. तेथे 1930 साली असाच कायदा आला. 1961 साली केंद्राने कायदा केला आणि 2017 साली पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा 26 आठवड्यांची झाली. परंतु हे सारे हजेरीपटावर नाव असलेल्या स्त्रीसाठी. रानाला हजेरीपट कोठला?

आता दाखल्याकडे वळू. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींच्या श्रमांचा अभ्यास झाला. तो 2003 साली प्रसिद्ध झाला. शेतकाम व घरकाम यांचा भार ज्यांच्यावर अधिक, त्यांची बाळे जन्मतः लहान आढळली. खेडी निराळी, पण वाकणे, वाहणे आणि अपुरे अन्न हे सारखेच. बाळंतपण लवकर उरकले म्हणजे श्रम पचले, असे नव्हे. कधी कधी त्यांची किंमत बाळाने मोजलेली असते.

2015 साली आदिवासी भागांत अंगणवाडीतून गर्भवतींना एक वेळचे चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना सुरू झाली. पाऊल योग्यच आहे. पण जेवण मिळूनही डोक्यावरची मोळी उतरत नाही. बुडालेल्या दिवसाची मजुरी भरून आली, तरच विसावा खरा. शहरातल्या गर्भिणीला चालावयास सांगणारा सुज्ञ समाज रानातल्या गर्भिणीला बसावयास सांगू शकेल काय? सांगावयाचे असेल, तर त्या बसण्याचा खर्च समाजाने उचलला पाहिजे.