पॉपिन्स

पॉपिन्स : देवनागरी आणि लॅटिन या दोन लिप्यांसाठी जोडीने रेखलेला, वर्तुळावर बेतलेला एकजाड रेघेचा फॉन्ट. इंडियन टाइप फाउंड्री या अहमदाबादच्या संस्थेने तो २०१४ मध्ये आणला. देवनागरी अक्षरे निनाद काळे यांची, लॅटिन जॉनी पिनहॉर्न यांची. सुरुवातीला पाच जाड्या होत्या. पुढे नऊ झाल्या आणि प्रत्येकीचे तिरपे रूप धरून एकूण अठरा. परवाना खुला असल्याने तो गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. अ‍ॅपची बटणे, संकेतस्थळांचे मथळे, नव्या कंपन्यांची बोधचिन्हे अशा ठिकाणी तो सर्रास दिसतो.

त्याला गोल म्हणतात, पण टोके सरळ कापलेली आहेत. गोलाई अक्षरांच्या पोटात आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘बलू’ हा फॉन्ट यापेक्षा वेगळा; त्याचे कोपरेच मऊ आहेत.

लॅटिनमध्ये कंपास-पट्टीच्या अक्षरांची परंपरा जुनी आहे. पाउल रेनर यांचा फ्युतुरा १९२७ चा. देवनागरीचा पिंड मात्र बोरूचा. तिरप्या तासलेल्या टोकामुळे हात वळला की रेघ आपोआप जाड-बारीक होते, आणि अक्षराचे वळण आपण त्या चढउतारावरूनच ओळखत आलो आहोत. तो चढउतार काढून टाकला, तर ‘व’, ‘ब’, ‘क’ यांच्या पोटांत उरते काय? वर्तुळ. या घाटाचे, अनेक जाड्यांचे देवनागरी कुटुंब म्हणजे पॉपिन्स हेच पहिले, असे कर्त्यांचे सांगणे आहे. रेघ सगळीकडे सारखी भासते, पण मोजून सारखी नाही: दोन रेघा मिळतात तिथे शाई साचल्यासारखा डाग दिसू नये म्हणून ती किंचित बारीक केली आहे.

दोन्ही लिप्यांचा मेळ उंचीवर साधला आहे. मूळ देवनागरी अक्षर आणि लॅटिन ‘बी’, ‘डी’ यांचे उभे दांडे एकाच उंचीचे. लॅटिनची मोठी अक्षरे त्याहून थोडी ठेंगणी, आणि लहान अक्षरांची अंगे बरीच उंच. फॉन्टची चौकट १,००० एककांची, पण त्यात वर १,०५०, खाली ३५० आणि ओळींमध्ये आणखी १०० एकके जागा राखली आहे. नुसते इंग्रजी लावणारे ओळी फार सुट्या पडतात म्हणून कुरकुरतात. ती जागा रफार, मात्रा, उकार यांची आहे. आजवर देवनागरीलाच इंग्रजीच्या मापात अंग चोरून बसावे लागत होते.

पाटी, मथळा, बटण, बोधचिन्ह यांसाठी हा फॉन्ट उत्तम. कादंबरीच्या मजकुराला मात्र लावू नये. सलग वाचताना एकसारखी वर्तुळे डोळ्यांत गर्दी करतात आणि दहाव्या पानावर थकवा येतो.

मराठीत ‘ल’ पाकळीदार चालतो आणि ‘श’चे वळणही स्वतःचे आहे, हिंदीत त्यांची वळणे वेगळी. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात मराठी रूपे प्रमाण मानली आहेत. म्हणून कोणताही देवनागरी फॉन्ट निवडताना मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवावी, आणि काम छापायला देण्याआधी ‘ल’, ‘श’ व ‘ऱ्य’ ही तीन अक्षरे कागदावर काढून पाहावीत.