जलनमुनाग्रहण, सेंद्रिय प्रदूषकांसाठी

पाण्यातील कीडनाशके, विद्रावके, खनिज तेले इ. सेंद्रिय प्रदूषके ओळखून मोजण्यासाठी नमुना घेण्याची व त्यातील संयुगे संहत करण्याची पद्धती. ही संयुगे अत्यल्प असतात. आयएस १०५०० : २०१२ या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे डीडीटी १ व लिंडेन २ मायक्रोग्रॅमपर्यंतच चालते. त्यामुळे बाटलीनेही निकाल बिघडतो. प्लॅस्टिकमधून थॅलेटे पाण्यात उतरतात, तर काही कीडनाशके प्लॅस्टिकलाच चिकटून राहतात. म्हणून गडद काचेची बाटली व टेफ्लॉनचे अस्तर असलेले झाकण वापरतात. तेल-ग्रीससाठी बाटली आधी त्याच पाण्याने विसळायची नसते, कारण काचेला चिकटलेल्या तेलाने आकडा फुगतो. इतर चाचण्यांत विसळण्याची सवय जडलेले हात नेमके इथेच चुकतात.

बेंझीन, क्लोरोफॉर्म यांसारखी बाष्पनशील संयुगे हवेत निसटतात. त्यांच्यासाठी ४० मिलि.ची कुपी काठोकाठ भरतात आणि झाकण लावल्यावर उलटी करून, टिचकी मारून बुडबुडा राहिला नाही ना ते पाहतात. नळाच्या पाण्यात थायोसल्फेट किंवा ॲस्कॉर्बिक अम्ल घालून उरलेले क्लोरीन मारणे आवश्यक असते. एरवी प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत कुपीतच नवे क्लोरोफॉर्म तयार होत राहते. पाण्यातील नैसर्गिक सेंद्रिय द्रव्यावर क्लोरीनची क्रिया होऊन ते बनते, हे रॉटरडॅमच्या जलपुरवठ्यातील रसायनज्ञ योहानेस रूक यांनी १९७४ मध्ये दाखवले. त्यासाठी त्यांनी बंद कुपीत पाण्यावर साठलेल्या वायूचे विश्लेषण केले होते. अमेरिकेत बेलर व सहकाऱ्यांचेही असेच निष्कर्ष त्याच वर्षी प्रसिद्ध झाले.

कमी बाष्पनशील संयुगांसाठी लिटरभर पाणी सी-१८ सिलिकेच्या कार्ट्रिजमधून सावकाश ओढतात, अडकलेली संयुगे योग्य विद्रावकाने उतरवतात व नायट्रोजनच्या झोतात १ मिलि.पर्यंत आटवतात. संहती सुमारे हजारपट होते. पुढचे काम गॅस क्रोमॅटोग्राफ आणि मास स्पेक्ट्रोमीटरचे. सोबत शुद्ध पाण्याची कोरी बाटलीही नमुन्याच्या जागी उघडून आणतात. तिच्यात प्रदूषक सापडले, तर ते नदीतलेच असे म्हणता येत नाही.

बाटली त्या क्षणाचेच पाणी पकडते. काही आठवड्यांचे चित्र हवे असल्यास निष्क्रिय नमुनाग्राहक पाण्यात टांगून ठेवतात. हकिन्स व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये वर्णिलेल्या ग्राहकात पॉलिएथिलिनच्या चपट्या नळीत ट्रायोलीन ही चरबी असते. माशाच्या चरबीत साठतात तशी जलद्वेषी संयुगे तिच्यात साठतात. मात्र आकडा मिळतो तो सरासरीचा. रातोरात सोडलेल्या सांडपाण्याचा उच्चांक तीत दबून जातो.