पुसलेल्या फिती, जपलेले आवाज

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

जळगावच्या शेजारचे असोदा हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते बहिणाबाई चौधरींचे माहेर म्हणून. १८८० साली त्या तिथे जन्मल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपाशी त्या जे म्हणत, ते त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी जमेल तसे कागदावर उतरवून ठेवले. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. ती वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. लिहून ठेवणारे हात घरात नसते, तर मराठीतले एक मोठे धन जात्याच्या घरघरीबरोबरच विरून गेले असते.

आजचा विषय मात्र दूरचित्रवाणीवरच्या जुन्या विज्ञानकथांचा आहे. बहिणाबाईंचा आणि अंतराळयानांचा संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध आहे. बोलले गेलेले, दाखवले गेलेले हवेत जाते. ते टिकते कशामुळे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

२३ नोव्हेंबर १९६३ रोजी लंडनच्या बीबीसीवर 'डॉक्टर हू' ही मालिका सुरू झाली. काळात मागेपुढे प्रवास करणाऱ्या एका विक्षिप्त प्रवाशाची ही कथा. तिची पहिली कथा दिग्दर्शित करणारा तरुण होता वारिस हुसेन. त्याचा जन्म आपल्या लखनौचा. पुढे १९६४ साली त्याने याच मालिकेत मार्को पोलोच्या प्रवासावर सात भागांची कथा केली, त्यातले सहा भाग त्याने स्वतः दिग्दर्शित केले. आज या सातांपैकी एकही भाग पाहायला मिळत नाही. सगळे नष्ट झाले.

ते कुणा शत्रूने नष्ट केले नाहीत. ज्या संस्थेने बनवले, तिनेच ते पुसले. कारणे अगदी व्यवहारी होती. त्या काळी दोन इंच रुंदीची व्हिडिओ फीत फार महाग असे आणि ती पुसून पुन्हा वापरता येई. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे जुने कार्यक्रम पुन:पुन्हा दाखवता येत नसत. १९६९ च्या अखेरीस बीबीसीच्या मुख्य वाहिनीवर रंगीत चित्र आले आणि कृष्णधवल कार्यक्रमांना गिऱ्हाईक उरले नाही. परदेशी विक्रीसाठी या भागांच्या १६ मिलिमीटर फिल्मवर प्रती काढल्या जात. विक्रीचे हक्क संपले की त्याही फेकून दिल्या जात. फिती सांभाळणाऱ्या खात्याला वाटे, फिल्म दुसऱ्या खात्याकडे आहेच. त्या खात्याला वाटे, मूळ फीत तिकडे असेलच. सामाईक विहिरीच्या गाळासारखी गत झाली. गाळ सगळ्यांचा, म्हणून कुणीच उपसायचा नाही. १९७८ मध्ये ही पुसापुशी थांबली तेव्हा पहिल्या सहा वर्षांतल्या २५३ भागांपैकी शेकड्याहून जास्त भाग नाहीसे झालेले होते.

मग घरोघर व्हिडिओ आला. १९८३ साली या मालिकेची पहिली कॅसेट बाजारात आणायचे ठरले. तेव्हाची एक गोष्ट सांगितली जाते. कोणती कथा हवी, असे चाहत्यांना विचारले असता त्यांनी 'द टूम ऑफ द सायबरमेन' या १९६७ च्या कथेचे नाव घेतले. नेमकी तीच हरवलेली होती! मग दुसरीच एक कथा कॅसेटवर आली. विकायची वेळ आली तेव्हा कळले की कोठीत माल नाही.

इथून शोध सुरू झाला. परदेशी पाठवलेल्या फिल्म परत आल्या का, याची चौकशी होऊ लागली. १९८३ साली लंडनमधल्या एका चर्चच्या तळघरात दोन भाग सापडले. काही सायप्रसमधून आले, काही नायजेरियातून. १९९१ च्या अखेरीस हाँगकाँगच्या एका वाहिनीच्या गोदामातून चाहत्यांनी मागितलेली ती कथा चारही भागांसह परत आली आणि १९९२ च्या मे महिन्यात तिची कॅसेट निघाली. पंचवीस वर्षांनी लोकांनी ती घरात बसून पाहिली. २०१३ साली नायजेरियातल्या जोस शहरातून आणखी नऊ हरवलेले भाग मिळाल्याची घोषणा झाली. तरीही त्या वेळी ९७ भाग बेपत्ताच राहिले.

पण मला खरे नवल वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. या हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज शिल्लक आहे. कारण काही मुलांनी आणि तरुणांनी त्या काळी घरातला टेपरेकॉर्डर टीव्हीजवळ धरून ते भाग ध्वनिमुद्रित केले होते. चित्र जपण्याचे साधन त्यांच्याकडे नव्हते. जे होते त्याने जपले. २००४ साली सुटे उरलेले भाग 'लॉस्ट इन टाइम' नावाने डीव्हीडीवर आले. २००६ साली 'द इन्व्हेजन' या कथेचे दोन हरवलेले भाग याच घरगुती ध्वनिमुद्रणावर रेखाचित्रे चढवून पुन्हा उभे केले गेले. सरकारी तिजोरीत नव्हते, ते पोरांच्या कपाटात निघाले.

अमेरिकेतही असे घडले. 'स्टार ट्रेक'चा १९६४-६५ मध्ये तयार झालेला पहिला नमुना-भाग वाहिनीने नाकारला. त्याची रंगीत फिल्म कापून दुसऱ्या भागात वापरली गेली. १९८६ साली तो व्हिडिओवर आला तेव्हा काही प्रसंग रंगीत आणि काही कृष्णधवल असे जोडून द्यावे लागले. आणि हे केवळ कल्पित अंतराळाचेच झाले असे नाही. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, त्या दृश्यांच्या मूळ फिती बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असे नासाने २००९ साली मान्य केले. चंद्रावर जाऊन आलेल्यांनाही कपाट नीट लावता आले नाही!

आता आपल्याकडे पाहू. १९८२ च्या आशियाई खेळांबरोबर रंगीत चित्र आले, १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह गेला आणि पाठोपाठ गावोगावी लहान क्षेपणकेंद्रे उभी राहिली. खानदेशातल्या धाब्याच्या घरांवरही अँटेना दिसू लागले. त्या ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' दिसले. त्याच्या मागोमाग आपलीही 'स्पेस सिटी सिग्मा' आली. तिच्यातला कॅप्टन तारा आणि दुष्ट झखाकू ही नावे त्या पिढीला अजून आठवतात. १९८९ साली आनंद महेंद्रू यांची 'इंद्रधनुष' आली, मुलांचे आणि संगणकाचे साहस सांगणारी. आजचे दिग्दर्शक करण जोहर त्यात किशोरवयीन नट होते. १९९८ साली केतन मेहतांनी मिलिंद सोमण यांना घेऊन 'कॅप्टन व्योम' केली.

या मालिकांतले देखावे पुठ्ठ्याचे होते, हे खरे. पण आपल्या भाषेत बोलणारी माणसे अवकाशात जाऊ शकतात, हे मुलांना पहिल्यांदा तिथे दिसले. आपल्याकडेही फिती पुसून पुन्हा वापरण्याची रीत होती. प्रायोजित मालिकांच्या फिती पुष्कळदा निर्मात्यांकडेच राहत. बुरशी, दमट हवा आणि जागेची टंचाई यांनी उरलेले काम केले. २०२० च्या टाळेबंदीत 'रामायण' पुन्हा दाखवता आले, कारण ते कुणीतरी सांभाळले होते. ज्यांना असा सांभाळणारा मिळाला नाही, त्यांचे काही तुकडे लोकांनी घरच्या व्हीसीआरवर उतरवून ठेवले, मधल्या जाहिरातींसकट. आज त्या जाहिरातीही इतिहास झाल्या आहेत.

आणि इथे असोद्याकडे परत यावेसे वाटते. 'डॉक्टर हू'चा आवाज उरला, चित्र गेले. बहिणाबाईंचे शब्द उरले, आवाज गेला. लेवा गणबोलीतला तो हेल त्यांच्या तोंडून कसा येत असेल, हे वही सांगू शकत नाही. प्रत्येक वेळी जपणाऱ्याच्या हाती जे साधन होते, तेवढेच उरले.

व्हीएचएस कॅसेट वाजवणारी यंत्रे बनवणे जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये थांबवले. ती शेवटची कंपनी होती. चुंबकीय फीत कायमची नसते, तिच्यावरचा थर सुटत जातो. तुमच्या माळ्यावर, लोखंडी पेटीत, जुन्या लग्नाच्या कॅसेटी असतील. त्यांत वहीगायन असेल, हळदीची गाणी असतील, अहिराणीत किंवा लेवा बोलीत बोलणारी आजी असेल. रात्री लावलेल्या एखाद्या मालिकेचा अर्धा भागही असेल. कदाचित त्याची दुसरी प्रत कुठेच नसेल. ती कॅसेट रद्दीवाल्याला देण्याआधी चालणारे यंत्र आणि जाणता माणूस गाठा, आणि ती संगणकावर उतरवून घ्या. वर नाव, गाव आणि साल लिहा. नाव नसलेली फीत ही पत्ता नसलेल्या पत्रासारखी असते.

मोठ्या संस्थांनी जपावे हे खरेच, आणि ते आपण त्यांच्याकडे मागितलेही पाहिजे. पण संस्था जागी होईपर्यंत मधली वीस-पंचवीस वर्षे कुणीतरी घरात ते सांभाळावे लागते. सोपानदेवांनी वहीत सांभाळले, तिकडच्या पोरांनी टेपवर. आपली पाळी आता आहे, आणि फीत आपल्यासाठी थांबणार नाही.