धाव, चाकोरी आणि वाफसा : ओल्या जमिनीवरील चाकाचा इतिहास

चाकाचा इतिहास लिहिताना वेग आणि भार यांचा विचार नेहमी होतो. चाकाखालच्या ओलीचा क्वचितच होतो. वस्तुतः चाकाची कड कशी असावी, हा प्रश्न ओल्या जमिनीनेच सर्वांत कठोरपणे विचारलेला आहे. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत तो बैलगाडीच्या संदर्भात पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला. संगणकावरील मोटारशर्यतींच्या खेळांत तोच प्रश्न आज नव्या वेषात खेळणाऱ्यापुढे उभा राहतो. या दोन अनुभवांना जोडणारे तीन शब्द मराठीत आहेत : धाव, चाकोरी आणि वाफसा.

हे दोन्ही जिल्हे मुळात एकच. 1949 साली दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळाले. पश्चिमेस महाबळेश्वरी वर्षाला सुमारे 5,500 मिलिमीटर पाऊस पडतो, तर पूर्वेस माण, आटपाडी या तालुक्यांत तो 500 मिलिमीटरांच्या आसपास राहतो. मध्ये कृष्णाकाठची काळी जमीन आहे. ही माती पाण्याने फुगते, चिकटते आणि वाळली की भेगाळते. एकाच गाडीवानाला एकाच वर्षात कोरडा माळ, निसरडी वाट आणि चाक गिळणारा चिखल या तिन्हींशी गाठ घालावी लागे.

जुन्या बैलगाडीच्या चाकात मध्ये तुंबा, त्यात बसविलेले आरे, त्यांवर लाकडी परिघ आणि त्या परिघावर चढविलेली लोखंडी धाव अशी रचना असे. धाव शेणकुटांच्या जाळात तापवून, फुगलेली असतानाच लाकडावर बसवीत आणि लगेच पाणी ओतीत. लोखंड आक्रसले की सारे चाक आवळले जाई. इंग्रजीतील ‘टायर’ हा शब्द ‘अटायर’, म्हणजे पोशाख, यावरून आला. तेथे ही कड चाकाचे वस्त्र ठरली. मराठी बोलणाऱ्याच्या कानाला मात्र ‘धाव’ म्हणजे धावणेच ऐकू येते. याच उच्चाराचा आणखी एक शब्द लोहयुक्त तांबड्या दगडासाठी आहे. टर्नर यांच्या भारतीय-आर्य भाषांच्या तौलनिक कोशात त्याचा संबंध संस्कृत ‘धातु’ शब्दाशी जोडला आहे आणि लोखंड गाळणाऱ्या ‘धावड’ जमातीचे नावही त्याच कुळात घेतले आहे. महाबळेश्वरच्या डोंगरांत लोखंड गाळणारे धावड हेच होत. गती आणि लोखंड हे दोन अर्थ एका ध्वनीत असे शेजारी नांदतात.

लोखंडी धाव अरुंद असे. कठीण वाटेवर ती हलकी चाले. भिजलेल्या काळ्या रानात मात्र ती सुरीसारखी जमीन कापीत खाली जाई. जॉन बॉइड डनलॉप यांनी 1888 साली हवा भरलेल्या रबरी धावेचे पेटंट घेतले. 1889 च्या मे महिन्यात बेलफास्ट येथील सायकलशर्यतींत विल्यम ह्यूम यांनी त्या धावेवर विजय मिळविले आणि तिचा लौकिक झाला. भारतात 1930 नंतरच्या दशकात बैलगाडीला रबरी चाके लागू लागली. पुढे कृष्णाकाठी सहकारी साखर कारखाने उभे राहिल्यावर ऊस वाहणारी टायरची गाडी हे नित्याचे दृश्य झाले. रुंद रबर भार पसरविते, म्हणून ते चिखलात कमी रुतते. ‘धाव’ मागे पडली आणि ‘टायर’ रूढ झाला.

शर्यतींच्या मैदानात दुसरा शब्द टिकून राहिला. या भागातील शर्यतींत हलक्या छकड्यांना खिलार बैल जुंपतात आणि प्रत्येक गाडीने आपापल्या चाकोरीतून धावावयाचे असते. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती थांबविल्या. राज्याने 2017 साली कायद्यात दुरुस्ती केली. 16 डिसेंबर 2021 रोजी न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. ‘चाकोरीबद्ध जीवन’ म्हणताना शहरी लेखकाला ठरीव, कंटाळवाणी वाट अभिप्रेत असते. गाडीवानाला मात्र चाकोरी ही चाकांनी दाबून सिद्ध केलेली, भरवशाची वाट वाटते.

चैत्र-वैशाखातील जत्रांच्या दिवसांत वळीव कोसळला की चाक बदलण्याची सोय छकड्याला नसते. जमीन वाफशावर येण्याची वाट पाहणे एवढेच हाती उरते. वाफसा म्हणजे जादा पाणी निथळून मातीच्या पोकळीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची अवस्था. मूठभर मातीचा गोळा करून तो टाकावा. चेपून तसाच राहिला तर ओल जास्त, फुटून मोकळा झाला तर वाफसा. ही अवस्था नांगरणी-पेरणीसाठी पारखली जाई. चिखल आणि कोरडे रान यांमधल्या या तात्पुरत्या स्थितीला मराठीने स्वतंत्र नाव दिले, ही गोष्ट लहान नव्हे.

मोटारशर्यतीत चाक बदलता येते, आणि म्हणून निवड करावी लागते. कोरड्या डांबरावर नक्षी नसलेला गुळगुळीत टायर अधिक पकड देतो. त्याच डांबरावर पाणी साचले की तो पाण्याच्या पापुद्र्यावर तरंगू लागतो. चिखलात जे तरंगणे गुण, तेच येथे दोष ठरते. म्हणून पावसाळी टायरला पाणी बाहेर फेकणाऱ्या खोल चरी असतात, तर मधल्या टायरला उथळ. वाट सुकू लागली की खोल चरींचे रबर तापून झिजते. जेफ क्रॅमंड यांच्या 1991 सालच्या ‘फॉर्म्युला वन ग्रां प्री’ या खेळात पावसाळी टायर आधीच आले होते. कोडमास्टर्सच्या ‘एफ वन 2010’ मध्ये हवामान शर्यतीच्या मध्येच पालटू लागले आणि गाड्यांच्या येण्याजाण्याने मार्गाचा नेमका तेवढाच पट्टा आधी सुकू लागला. पाऊस थांबला की नाही, यावर तेथे निर्णय करून भागत नाही. चाकोरी सुकली काय आणि मार्ग वाफशावर आला काय, हे ओळखावे लागते. घाईने गुळगुळीत टायर चढविणारा घसरतो. फार थांबणारा दर फेरीला काही सेकंद गमावतो.

1960 साली भाषा संचालनालय स्थापन झाल्यापासून मराठी परिभाषेची घडण प्रामुख्याने संस्कृत धातूंवर झाली. त्या पद्धतीने ‘मध्यवर्ती आर्द्रतेचा टायर’ असा शब्द सहज पाडता येईल, पण कोणी तो उच्चारणार नाही. ‘वाफशाचा टायर’ म्हटले की सांगलीतील शेतकऱ्याच्या मुलाला तो केव्हा चढवावा हे नावातच कळते. डांबर ही माती नव्हे, हा आक्षेप खरा आहे. परंतु शब्दाने येथे नाव द्यावयाचे आहे ते पदार्थाला नव्हे, अवस्थेला. धाव हा शब्द वस्तूबरोबर गेला. वाफसा आणि चाकोरी यांना नवी वस्तू मिळू शकते, आणि ती मिळवून देणे हे परिभाषा घडविणाऱ्यांचे काम आहे.