कच्च्या लिंबाचें गणित

विटीदांडू खेळतांना घरांतलें धाकटें भावंड हट्ट धरून बसलें, म्हणजे मोठीं मुलें त्याला ‘कच्चें लिंबू’ म्हणून डावांत घेतात. त्याच्यावर राज्य येत नाहीं. तें बाद झालें तरी बाद धरीत नाहींत. डाव चालू राहतो आणि रडेंही थांबतें. या सवलतींतली मुख्य गोष्ट अशी कीं, ती साऱ्या गड्यांना ठाऊक असते. उद्यां एखादा बारा वर्षांचा धट्टाकट्टा मुलगा परक्या आळींत जाऊन ‘मी कच्चें लिंबू’ म्हणूं लागला, तर तो रडीचा डाव ठरेल. गोल्फ या खेळांत ज्याला हॅंडिकॅप म्हणतात, त्याचें तत्त्व याहून निराळें नाहीं. फरक एवढाच कीं, तेथें कच्चेपणा आंकड्यांत मोजतात, आणि तो आंकडा खेळाडूनें स्वतःच्या सहीनें दिलेल्या कार्डांवरून ठरतो.

नाशिककरांना गोल्फ हा शब्द परका नाहीं. शहरांतील एका विस्तीर्ण मैदानाला जुनीं माणसें अजून ‘गोल्फ क्लब’ म्हणतात. इंग्रजी अमदानींत साहेब लोक तेथें हा खेळ खेळत, त्यावरून तें नांव पडलें. पुढें त्या मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेरे यांचें नांव देण्यांत आलें. २१ डिसेंबर १९०९ रोजीं विजयानंद नाट्यगृहांत कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडणारा आणि १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्यास फांशीं गेलेला तो हा तरुण. राज्यकर्त्यांच्या करमणुकीच्या जागेला त्याचें नांव मिळावें, हा इतिहासाचा न्यायच म्हणावयाचा. आतां तेथें रणजी करंडकाचे सामने होतात.

या नाशिकच्या पश्चिमेस त्र्यंबक, हरसूल, पेठ हा घाटमाथ्याचा पट्टा आहे. जून लागला कीं तेथें पाऊस कोसळूं लागतो. शहरापर्यंत येतां येतां त्याचा जोर ओसरतो, तरी काळ्या जमिनीचा चिखल करण्याइतका तो उरतोच. गोल्फचा जन्म मात्र स्कॉटलंडच्या समुद्रकांठच्या वाळवट कुरणांत झाला. तेथें पाणी पडलें कीं जिरून जातें. तो खेळ चार महिने चिखल आणि पुढें धूळ अशा मुलखांत आणल्यावर नियमांना थोडी मुरड घालणें प्राप्तच होतें. मोफसल भागांतील पुष्कळ मैदानांवर खळग्याभोवतीं हिरवळ टिकत नसे. म्हणून तेथें तेल घातलेली वाळू दाबून बसवीत, आणि ‘ग्रीन’ च्या ऐवजीं ‘ब्राऊन’ हा शब्द रूढ झाला.

ज्यांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगतों. चेंडू काठीनें मारीत मारीत अठरा खळग्यांत क्रमानें घालावयाचा. ज्याला कमी फटके लागतील तो सरस. निष्णात खेळाडूस बहुधा ७२ फटके पुरतात. एखाद्यास नेहमीं ९० लागत असतील, तर त्याला ढोबळ मानानें १८ ची सूट मिळते, आणि ९० तून १८ वजा जातां दोघे बरोबरीस येतात. बुद्धिबळांत वजीर काढून खेळणारा जे करतो तेंच हें. ‘हॅंडिकॅप’ हा शब्द टोपींत हात घालून चालणाऱ्या वस्तूंच्या अदलाबदलीच्या एका जुन्या इंग्रजी खेळावरून आला. सॅम्युएल पेपिसच्या रोजनिशींत १६६० सालीं त्याचा उल्लेख आहे. तेथून तो घोड्यांच्या शर्यतींत आणि शर्यतींतून गोल्फमध्यें शिरला.

आतां सवलतीची गोष्ट. गोल्फची उपलब्ध असलेली सर्वांत जुनी लेखी नियमावली स्कॉटलंडमधील लीथ येथील मंडळींनीं १७४४ सालीं केली. तिचीं कलमें अवघीं तेरा. त्यांतील एक कलम सांगतें कीं, चेंडू पाण्यांत वा घाणींत पडला तर खुशाल बाहेर काढा, पण प्रतिपक्षाला एक फटका द्या. आणि शेवटचें तेरावें कलम तर निव्वळ त्या मैदानापुरतें आहे: मैदानाच्या रक्षणासाठीं खणलेले चर, विद्यार्थ्यांनीं केलेले खड्डे आणि शिपायांनीं काढलेल्या खाचा यांना अडथळा समजूं नये, चेंडू बाहेर काढून खेळावा. म्हणजे स्थानिक सवलत ही मूळ नियमांना मागाहून लागलेली कीड नव्हे. नियम आणि सवलत हीं एकाच कागदावर जन्मलीं. मला तर हें तेरावें कलम फार शहाणपणाचें वाटतें. त्यांत कोणाच्या लहरीला वाव नाहीं. कोणते खड्डे तें नांव घेऊन सांगितलें आहे, आणि तें सर्वांना सारखें लागू आहे.

पुढें क्लब वाढले आणि निराळीच अडचण उभी राहिली. एका गांवचा १० चा खेळाडू दुसऱ्या गांवीं गेला कीं त्याच्या दहाला कोणी विचारीना, कारण प्रत्येक क्लबाची मोजण्याची रीत वेगळी. हा गुंता प्रथम पुरुषांनीं नव्हे, तर स्त्रियांनीं सोडविला. इंग्लंडांत १८९३ सालीं स्त्रियांचा गोल्फ संघ निघाला, आणि त्याच्या पहिल्या चिटणीस इझेट पिअर्सन यांच्या पुढाकारानें सर्व क्लबांना सारखी अशी हॅंडिकॅपची पद्धति उभी राहिली. पुरुषांच्या संघटनांना याच कामास १९२० नंतरचा काळ उजाडावा लागला. परगांवच्या, कधीं न पाहिलेल्या माणसानें लिहिलेल्या आंकड्यावर विश्वास ठेवून सामना खेळावयाचा, हें या पद्धतीचें सारें बळ. आणि तिची दुबळी जागाही तीच.

ती कशी तें पाहा. पावसाळ्यांत चेंडू चिखलांत रुतून बसतो. तो तसाच मारावा म्हटलें तर कौशल्यापेक्षां नशिबाचीच परीक्षा होते. म्हणून समिति जाहीर करते कीं, आखूड कापलेल्या गवतावर पडलेला चेंडू उचलावा, पुसावा, आणि खळग्याच्या जवळ न नेतां ठराविक अंतरांत पुन्हां ठेवावा. थंड देशांत यालाच हिवाळी नियम म्हणत आले. यानें चारपांच फटके सहज वांचूं शकतात. ९० वर खेळणारा गृहस्थ त्या दिवशीं ८५ त आटोपतो, आणि मग त्याच्या मनांत एक सोयीस्कर विचार डोकावतो: ‘आजचा खेळ कांहीं खरा गोल्फ नव्हे, हें कार्ड कशाला द्यावें?’ वरवर पाहतां केवढा हा विनय! परंतु त्याच चिखलांत त्याचे ९५ झाले असते, तर तें कार्ड त्यानें बिनतक्रार पेटींत टाकलें असतें. अशीं चार चांगलीं कार्डें खिशांत राहिलीं कीं १८ चा आंकडा १८ च राहतो. चषकाच्या दिवशीं तो ८५ खेळतो, १८ वजा करून ६७ लावतो, आणि ज्यानें वर्षभर बरें-वाईट प्रत्येक कार्ड दिलें तो मागें पडतो. आपण लुबाडले गेलों हें त्या बिचाऱ्याला कळतही नाहीं. उलट स्वभावाचेही लोक असतात. ते तोऱ्यासाठीं आपला आंकडा कमी दाखवितात. पण त्यांचा भुर्दंड बहुधा त्यांनाच पडतो.

अमेरिकेच्या गोल्फ संघाचें धोरण या बाबतींत मोठें मासलेवाईक होतें. हिवाळी नियमांना त्यानें दीर्घकाळ मनापासून मान्यता दिली नाहीं. तरी त्या नियमांखालीं खेळलेल्या डावाचें कार्ड मात्र हॅंडिकॅपसाठीं दिलेंच पाहिजे, असा त्याचा आग्रह असे.

सवलत किती ताणतां येते याचा नमुना १९४० सालचा आहे. लंडनजवळच्या रिचमंड क्लबाच्या मैदानावर जर्मन बॉंब पडूं लागले, तेव्हां क्लबानें तात्पुरते नियम काढले. गोळीबार चालू असतां आडोसा घेतल्यास दंड नाहीं. शत्रूच्या हल्ल्यानें चेंडू हलला तर तो जागेवर ठेवावा, हरवला तर दुसरा घ्यावा, त्यासही दंड नाहीं. परंतु फटका मारतांना नेमका बॉंब फुटला आणि नेम चुकला, तर त्याच जागेवरून दुसरा चेंडू मारण्यास परवानगी; दंड एक फटका! हंसूं येतें खरें, पण दोनशें वर्षांपूर्वीं चिखलांतून चेंडू काढणाऱ्याकडून लीथकरांनीं जो फटका घेतला, तोच हा.

फटक्या-फटक्याचा इतका चोख हिशेब ठेवणारे लोक आपल्याकडे क्लबाच्या दारावर मात्र निराळा हिशेब लावीत, हेंही सांगितलें पाहिजे. युरोपियन आणि हिंदी या दोघांनाही प्रवेश असावा म्हणून मुंबईस गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांना १९१७ च्या सुमारास वेगळा क्लब काढावा लागला. देशांतील गोल्फचा कारभार पाहणारा भारतीय गोल्फ संघ स्थापन झाला तो स्वातंत्र्यानंतर, १९५५ सालीं.

२०२० सालापासून देशोदेशीं टप्प्याटप्प्यानें एकच हॅंडिकॅपपद्धति सुरू झाली, आणि भारतांतही तीच चालते. शेवटच्या वीस डावांतील उत्तम आठ घेऊन त्यांची सरासरी काढतात. चिखलाच्या दिवशीं उचलून, पुसून ठेवलेल्या चेंडूचा डावही या विसांत धरला जातो. मित्रानें ‘राहूं दे’ म्हणून सोडून दिलेला शेवटचा फटकाही मोजून, बहुधा किती लागले असते तो आंकडा लिहावा लागतो. शिवाय एखाद्या दिवशीं साऱ्यांचेच आंकडे अपेक्षेहून फार निराळे आले, तर पाऊस, वारा आणि मैदानाची स्थिति लक्षांत घेऊन सर्वांच्याच हिशेबांत दुरुस्ती करतात. मात्र त्यासाठीं त्या दिवसाचीं निदान आठ कार्डें लागतात. सात जणांनीं आपलीं ओलीं कार्डें पेटींत टाकलीं आणि आठव्यानें आपलें घडी करून खिशांत घातलें, तर ही दुरुस्ती होत नाहीं.